भाई, डिस्क दे ना!

पुढच्या पिढीचा गेमिंग कन्सोल कसा असावा, हा विषय मेसमध्ये काढून बघा. पोळी गार होते, आमटीवर साय धरते, पण वाद मिटत नाही. एकाला ८के हवं असतं. दुसऱ्याला डोळ्यांवर चष्मा चढवून खोलीत तलवार फिरवायची असते (खोली दहा बाय बारा, पलंग तीन, त्यात एकाचा कूलर). तिसऱ्याला कंट्रोलरमधून जळक्या टायरचा वास यायला हवा असतो. आणि चौथा, जो एरवी गप्प जेवतो आणि ज्याच्याकडे खरोखर कन्सोल आहे, तो ताट उचलता उचलता एवढंच म्हणतो, "डिस्क टाकायची फट ठेवा म्हणजे झालं."

माझं मत विचाराल तर चौथा बरोबर आहे. बाकीच्या तिघांच्या मागण्या कंपन्या न मागताच पूर्ण करत सुटल्या आहेत. प्लेस्टेशन ४ ची ग्राफिक्सची ताकद १.८४ टेराफ्लॉप्स होती, प्लेस्टेशन ५ ची १०.२८. म्हणजे साडेपाच पट. मजा साडेपाच पट झाली का, हे ज्याने त्याने मनाला विचारावं. ८के चं म्हणाल तर २०२० साली प्लेस्टेशन ५ च्या खोक्यावर तो आकडा ठळक छापला होता, आणि चार वर्षांत तो खोक्यावरून गुपचूप गायबही झाला. कुणी रडलं नाही. आपल्या कॉमन रूममधल्या टीव्हीला तर हा सगळा प्रकार कळलाच नाही.

तेव्हा पुढच्या कन्सोलकडे माझं मागणं साधं आहे. विकत घेतलेला गेम मित्राला उसना देता आला पाहिजे, आणि तो मित्राच्या शेजारी बसून खेळता आला पाहिजे. बाकी वासबिस नंतर बघू.

उसनवारीवर माझा एवढा जोर का, हे हॉस्टेलवाल्यांना सांगायची गरज नाही. इंजिनिअरिंग हे शिक्षणच मुळी उसनवारीवर चालतं. फर्स्ट इयरला ड्राफ्टर विकत घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. तो सीनियरकडून येतो, त्याच्या स्क्रूला आधीच्या तीन मालकांनी गुंडाळलेला दोरा असतो, आणि सेमिस्टर संपलं की पुढे जातो. एप्रन जातो, जर्नल जातं, कॅल्क्युलेटर तर पेपरच्या आदल्या रात्री तीन मजले फिरून येतो. अशा ठिकाणी "हा गेम फक्त तुझ्या अकाउंटवर चालेल" हे वाक्य कानाला खटकणारच. पाच हजार रुपये मोजून घेतलेली वस्तू रूममेटला देता येत नसेल, तर ती माझी कशी? दारावरची पाटी तेवढी माझी, घर दुसऱ्याचंच!

आपल्याकडे कन्सोल आला तोसुद्धा सामायिक वस्तू म्हणूनच. नव्वदच्या दशकात समुराई, लिटल मास्टर असे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या धर्तीचे खोके घराघरांत दिसू लागले. आमच्या दादा-ताईंच्या पिढीकडून त्याच्या कथा ऐकाव्यात. कार्ट्रिजला तेव्हा सगळे 'कॅसेट' म्हणत. अंधेरी काय, घाटकोपर काय, चाळीत किंवा वन रूम किचनमध्ये टीव्ही एक, त्यावर बातम्यांच्या वेळी बाबांचा हक्क, आणि उरलेल्या वेळात मजल्यावरची आठ-दहा पोरं जमिनीवर फतकल मारून. मारिओ मेला की जॉयस्टिक पुढच्याच्या हातात. 'कॉन्ट्रा'ला मात्र दोघं एकदम. कॅसेट अडकली की काढायची, फुंकर मारायची, पुन्हा लावायची. (फुंकरीने काही होत नसे. काढून पुन्हा लावल्यामुळे कॉन्टॅक्ट नीट बसत, आणि फुंकरीतल्या ओलाव्याने ते उलट गंजत. पण हे त्या काळी कुणाला सांगून पटलं नसतं.) कॅसेट कुणाची, कन्सोल कुणाचा, टीव्ही कुणाचा, हे तिन्ही मालक बहुधा वेगळे असत.

पुढे कंपन्या अधिकृतपणे आल्या. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० इथे आणला. जाहिरातीला अक्षयकुमार आणि युवराजसिंग. एप्रिल २००७ मध्ये प्लेस्टेशन ३ आला, किंमत ३९,९९० रुपये. जानेवारी २०१४ मध्ये प्लेस्टेशन ४ आला, किंमत पुन्हा ३९,९९०! एवढे पैसे एकट्याच्या खिशातून निघणं कठीण, म्हणून कॉन्ट्री काढायची, किंवा ज्याच्या घरी आहे त्याच्याशी अचानक मैत्री वाढवायची. गेमच्या डिस्क मात्र हातोहात फिरत. बोरिवलीतल्या मित्राकडून घेतलेली डिस्क मुलुंडला पोचायची आणि परत येताना तिच्यावर एक ओरखडा वाढलेला असायचा. ओरखडा म्हणजे व्याज.

हे सगळं एकदा बंद पडता पडता राहिलं आहे. ती गोष्ट जरा विस्ताराने सांगतो, कारण आता जे चाललंय ते समजायला ती उपयोगी पडते.

२०१३ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला, आणि जूनमध्ये त्याचे नियम सांगितले. कन्सोलने दर २४ तासांनी एकदा इंटरनेटवर हजेरी लावायची, नाहीतर गेम बंद. डिस्क एकदा घातली की ती तुमच्या अकाउंटला बांधली गेली. मित्राला द्यायची तर एकदाच, आणि तो मित्र तुमच्या यादीत किमान ३० दिवस जुना हवा. (हॉस्टेलमध्ये ३० दिवसांत मैत्री होऊन, भांडण होऊन, परत मैत्री झालेली असते.) ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांनी काय करायचं, असं विचारल्यावर त्यांच्या प्रमुखांनी सुचवलं की त्यांच्यासाठी जुना एक्सबॉक्स ३६० आहेच की! नियम सांगितल्यावर चार दिवसांनी लॉस एंजेलिसच्या ई३ प्रदर्शनात सोनीने काय केलं? प्लेस्टेशन ४ वर गेम मित्राला कसा द्यायचा, याचा एक शैक्षणिक व्हिडिओ काढला. अर्ध्या मिनिटापेक्षाही कमी. त्यात एक माणूस दुसऱ्या माणसाच्या हातात डिस्कचं खोकं देतो. तो "थँक यू" म्हणतो. संपलं. जगभर टाळ्या. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने सगळे नियम मागे घेतले, पण एक्सबॉक्स वन त्या पिढीत मागे पडला तो पडलाच.

या गोष्टीतली एक बाजू मात्र फारशी कुणी सांगत नाही. त्या रद्द झालेल्या योजनेत एक चांगली कल्पनाही होती. तुमची गेमची लायब्ररी दहा जणांच्या गटाला वापरायला देता येणार होती, तीही डिस्कशिवाय, वेगवेगळ्या घरांतून. जाचक नियमांबरोबर तीही कचऱ्यात गेली. लोकांनी काय नाकारलं आणि काय नाकारलं नाही, यातला फरक तेव्हा कुणी नीट ऐकून घेतला नाही असं मला वाटतं. आम्हाला डिस्क ही गोल प्लॅस्टिकची वस्तू म्हणून प्रिय नाही. ती हातातून हातात जाते म्हणून प्रिय आहे.

आणि आता ती वस्तू हळूहळू काढून घेतली जातेय, यावेळी कुठलंही भाषण न करता. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० ला आणि बिनडिस्कचा ३९,९९० ला होता. दहा हजार वाचले म्हणून उड्या मारणाऱ्यांनी जरा गणित करावं. तेव्हा मोठा नवा गेम ४,९९९ रुपयांना होता. आठ जणांच्या विंगने कॉन्ट्री काढून एक डिस्क घेतली तर माणशी ६२५ रुपये, आणि सगळ्यांचा खेळून झाल्यावर ती विकता येते. बिनडिस्कवाल्याला प्रत्येक गेम कंपनीच्याच दुकानातून, कंपनी सांगेल त्या किमतीला. जुना घेता येत नाही, जुना विकता येत नाही. दोन-तीन गेममध्ये ते दहा हजार वसूल! नोव्हेंबर २०२४ मध्ये बाहेरदेशी आलेल्या प्लेस्टेशन ५ प्रो मध्ये तर डिस्क ड्राइव्ह आत नव्हताच, तो वेगळा विकत घ्यायचा आणि जोडताना एकदा इंटरनेटवरून त्याची नोंदणी करायची. (प्रो तेव्हा भारतात आला नाही, वायफाय ७ च्या ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला तेव्हा इथे परवानगी नव्हती, हे कारण सोनीने दिलं होतं. एक्सटीसीवाल्यांनो, स्पेक्ट्रमचा तो कंटाळवाणा धडा असा आयुष्यात येतो.)

डिजिटलवाल्यांचं म्हणणं असतं की डाउनलोड सोपं आहे, डिस्क कोण सांभाळणार. हॉस्टेलचा वायफाय एखाद्या दिवशी खूश असला तर १० एमबीपीएस देतो असं धरू. १०० जीबीचा गेम म्हणजे ८०० गिगाबिट, म्हणजे ८०,००० सेकंद, म्हणजे साधारण २२ तास. तोही विंगमध्ये दुसऱ्या कुणी काहीच पाहिलं नाही तर. आपण कुठल्या जगात राहतो? खरं तर डिस्कवरही हल्ली अख्खा गेम असतोच असं नाही, हे मान्य. पण निम्मा जरी असला तरी अकरा तास वाचले!

आता इथे निन्टेन्डोचं उदाहरण घेण्यासारखं आहे, कारण त्यांनी एकाच वर्षी एक वाईट आणि एक चांगली गोष्ट केली. जून २०२५ मध्ये स्विच २ आला. त्याच्या काही गेमची कार्ट्रिज मिळते पण तिच्यात गेम नसतो! आत फक्त किल्ली, गेम नेटवरून उतरवायचा. मिठाईचं खोकं उघडावं आणि आत दुकानाचा पत्ता निघावा, तसं. पण त्याआधी एप्रिलमध्ये त्यांनी 'व्हर्च्युअल गेम कार्ड' आणलं. डिजिटल घेतलेला गेमसुद्धा दुसऱ्याला १४ दिवसांसाठी देता येतो. तेवढे दिवस तो तुमच्याकडे चालत नाही, त्याच्याकडे चालतो, आणि पंधराव्या दिवशी आपोआप परत. दंड नाही, लायब्ररीच्या मॅडमचं बोलणं नाही. पहिल्यांदा दोन्ही कन्सोल एकमेकांजवळ आणून जोडावे लागतात, म्हणजे माणसांना भेटावंही लागतं.

अडचण एवढीच की हे फक्त 'फॅमिली ग्रुप'मध्ये, आणि त्यात जास्तीत जास्त आठ जण. कंपनीच्या मते कुटुंब म्हणजे एका छताखाली राहणारे आई-बाबा-मुलं. अहो, पण एका छताखाली, एका पाण्याच्या टाकीवर, एका मेसच्या डाळीवर चार वर्षं काढणारे आम्ही मग कोण? आमच्या मजल्यावर जळगाव, नांदेड, चिपळूण आणि सोलापूर एका बाथरूमसमोर रांगेत उभे असतात. पुढच्या कन्सोलमध्ये 'कुटुंब' या शब्दाची व्याख्या वाढवा, एवढीच विनंती. 'हॉस्टेल ग्रुप' म्हणा, 'चाळ' म्हणा.

तांत्रिकदृष्ट्या हे अवघड आहे असं कुणी म्हणू नये. सेकंड आणि थर्ड इयरवाल्यांना म्युटेक्स ठाऊक आहे: एक कुलूप, एका वेळी एकाच प्रोसेसच्या हातात, त्याने सोडलं की दुसऱ्याला. गेमचं लायसन्स म्हणजे असंच एक टोकन. ते कन्सोलमधल्या सुरक्षित चिपमध्ये राहील, माझ्या मशीनमधून पुसलं गेल्यावरच तुमच्या मशीनमध्ये लिहिलं जाईल, आणि हा व्यवहार दोन कन्सोल शेजारी ठेवून करता येईल. कॉपी होत नाही, चोरी होत नाही. गेमचा डेटा तर कॉमन रूमच्या लॅनवरून एका मशीनमधून दुसऱ्यात जाऊ शकतो. एक्सबॉक्सवर ही सोय आहेच. गिगाबिट लॅनवर मघाचे २२ तास वीस मिनिटांच्या आसपास येतात. हवा आहे तो फक्त इरादा.

कंपन्या म्हणतील, असं केलं तर आमचा गेम विकत घेणार कोण? याला उत्तर स्वीडनच्या हेझलाइट स्टुडिओने देऊन ठेवलंय. २०२१ चा त्यांचा 'इट टेक्स टू' हा गेम एकट्याने खेळताच येत नाही. पडदा कायम दोघांत वाटलेला. दोघं दोन घरी असतील तर एकाने विकत घ्यायचा, दुसऱ्याने 'फ्रेंड्स पास'वर फुकट खेळायचा. अर्धं गिऱ्हाईक फुकट सोडलं! तरी तो त्या वर्षीचा सर्वोत्तम गेम ठरला आणि त्याच्या दोन कोटींवर प्रती खपल्या. फुकट खेळलेला मित्रच पुढे तिसऱ्याला ओढून आणतो, हे आपल्या वडापाववाल्यालाही कळतं. पहिला वडा कुणीतरी खिलवलेलाच असतो.

दुसरी मागणी, शेजारी बसण्याची. इथे स्टाफच्या वाचकांनीही लक्ष द्यावं. मार्च २००७ मध्ये पवईच्या आयआयटीने हॉस्टेलचं इंटरनेट रात्री ११ ते दुपारी साडेबारा बंद ठेवायचा निर्णय घेतला होता, त्याची बातमी परदेशी पेपरांतही गेली. गेम, सर्फिंग आणि ब्लॉगच्या नादात पोरं सकाळी लेक्चरला येत नाहीत, ही तक्रार होतीच. पण त्याहून मोठी तक्रार अशी होती की मुलं एकमेकांत मिसळत नाहीत, खोलीचं दार लावून बसतात, शेजारच्या खोलीत कोण राहतं हे त्यांना माहीत नसतं. निर्णय पटो न पटो, निरीक्षण खोटं नव्हतं. फक्त दोष गेमचा नव्हता, प्रत्येकाच्या वेगळ्या पडद्याचा होता. एक टीव्ही आणि चार कंट्रोलर असतील तर शेजारच्या खोलीतलाच काय, खालच्या मजल्यावरचाही कळतो. मुख्यतः त्याच्या आवाजावरून.

आणि नेमकी तीच सोय कन्सोलमधून जातेय. १९९६ च्या निन्टेन्डो ६४ ला पुढे चार कंट्रोलरची चार भोकं होती. त्याचा प्रोसेसर ९४ मेगाहर्ट्झच्याही आतला, आणि त्यावर 'गोल्डनआय'मध्ये चौघं जण एका पडद्यावर एकमेकांना गोळ्या घालत. आता १० टेराफ्लॉप्सवर दोघांनाही जागा नाही म्हणे! २०१५ च्या 'हेलो ५' मधून स्प्लिट स्क्रीन काढलं. चाहत्यांनी आरडाओरडा केल्यावर पुढच्या वेळी देऊ म्हणाले. आणि २०२२ मध्ये 'हेलो इन्फिनिट'च्या मोहिमेतलं स्प्लिट स्क्रीनही रद्द केलं. कारण उघड आहे. दोन खेळाडू म्हणजे दोन कॅमेरे, तेच दृश्य दोनदा काढायचं, जवळजवळ दुप्पट काम. सगळी ताकद पानांवरचे दवबिंदू दाखवण्यात खर्च झाली की दुसऱ्या माणसासाठी उरत नाही. माझं म्हणणं, दवबिंदू कमी करा. शेजारी बसलेला मित्र ओरडत असताना दव कोण बघतं? कन्सोल बनवणाऱ्यांनी एवढा नियम करावा, की दोन माणसांचा गेम असेल तर तो एका टीव्हीवर चाललाच पाहिजे, चित्र जरा पुसट दिसलं तरी चालेल.

शेजारी बसण्यापेक्षा सर्व्हर बरा, असं ज्यांना वाटतं त्यांनी 'द क्रू'चं काय झालं ते पाहावं. २०१४ चा हा गाड्यांचा गेम. कंपनीने ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला गेम, एकट्याने खेळायचा भागसुद्धा, कायमचा मेला. डिस्क घरात असलेल्यांच्याही हाती प्लॅस्टिकची चकती राहिली. यातून युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली आणि दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. तिकडे कॉन्ट्रा खेळणाऱ्यांच्या कॅसेट माळ्यावर पडून आहेत आणि लावल्या तर अजून चालतात. तेव्हा पुढच्या कन्सोलवर सर्व्हर बंद करण्याआधी ऑफलाइन चालेल असा शेवटचा अपडेट देण्याची सक्ती हवी.

कंट्रोलरबद्दल थोडं. स्टिक आपोआप एका बाजूला सरकू लागते, त्याला ड्रिफ्ट म्हणतात, आणि आठ जणांच्या विंगमध्ये फिरणाऱ्या कंट्रोलरला हा आजार लवकर होतो. आत पोटेन्शिओमीटर असतो. कार्बनच्या पट्टीवर पाता घासून घासून पट्टी झिजते. निन्टेन्डोच्या अध्यक्षांना २०२० मध्ये याबद्दल भागधारकांसमोर माफी मागावी लागली होती. उपाय फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये आहे: हॉल इफेक्ट, चुंबक आणि सेन्सर, घासणंच नाही. सेगाच्या ड्रीमकास्टने १९९८ मध्ये हे वापरलं होतं. तरी २०२५ च्या स्विच २ च्या जॉयकॉनमध्येही हॉल इफेक्ट नाही. काही पैसे वाचतात, दुसरं काय! आणि नसेलच द्यायचं तर निदान स्टिक बदलता येईल अशी करा, चार साधे स्क्रू ठेवा. लॅमिंग्टन रोडवरचे कारागीर पुढचं बघून घेतील.

विजेचं मुंबईकरांना सांगून कळत नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्खी मुंबई काही तास अंधारात, म्हणजे उजेडातच पण पंख्याविना, गेली तेव्हा केवढा गहजब झाला! आमच्या विंगमधल्या जळगावच्या मित्राला त्याचं हसू आलं. त्याचं लहानपण भारनियमनाच्या वेळापत्रकावर गेलेलं. एक्सबॉक्स सीरिज एक्स आणि एस मध्ये क्विक रिझ्यूम आहे, गेमची अवस्था एसएसडीवर लिहून ठेवली जाते आणि मग प्लग काढला तरी तिथूनच सुरू होतो. वीज अचानक गेली तरीही हे व्हावं, एवढा साठा कन्सोलच्या आत असावा. लॅपटॉपला जमतं ते याला का नाही? शिवाय २०० वॉट खाणारं मशीन पाच तासांत एक युनिट जाळतं, ते बिल कुणाच्या माथी, हा प्रश्न ऑफिसमध्ये एकदा निघालेला आहे.

मराठी मेनूचं स्वप्न मी पाहतो, पण त्यावर भांडत बसत नाही. आधी गेम यावेत. २००९ मध्ये 'हनुमान: बॉय वॉरियर' आणि 'देसी अड्डा' हे भारतात बनलेले गेम प्लेस्टेशन २ वर निघाले, प्लेस्टेशन ३ येऊन दोन वर्षं झाली असताना! कारण लोकांच्या घरात जुनं मशीन होतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' बनवला. लोकवर्गणीची त्यांची २०१७ ची मोहीम फसली, तरी चिकाटीने ऑगस्ट २०२० मध्ये तो आला, आणि आधी आला स्विचवर, जो निन्टेन्डोने भारतात अधिकृतपणे विकायला आणलाच नव्हता. पुण्यात बनलेला गेम पुण्यातल्या पोराने ग्रे मार्केटचा कन्सोल घेऊन खेळायचा! तेव्हा नवा कन्सोल सगळीकडे एकाच वेळी आणि अधिकृतपणे मिळावा, हेही यादीत लिहून घ्या.

राहता राहिला रेक्टर सरांचा प्रश्न: गेम म्हटलं की जुगार, व्यसन आणि केटी. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायद्याने बंदी घातली, आणि ते योग्यच झालं. त्या खेळात माणूस पांघरुणात तोंड घालून एकटा हरतो. कॉमन रूममधल्या फिफाच्या मॅचमध्ये माणूस चौदा जणांसमोर हरतो, त्याचं व्यसन लागणं कठीण आहे. तरी भीती वाटत असेल तर पुढच्या कन्सोलमध्ये हॉस्टेलसाठी एक खास कुलूप असू द्या: किल्ली रेक्टर सरांकडे, रात्री ११ ला बंद, पीएल लागली की आणखी लवकर, आणि शेवटचा पेपर झाला त्या रात्री मात्र कुलूप उघडं. आम्ही सही करून देऊ.

तोवर जे बाजारात आहे त्यातलंच घ्यायचं झालं तर कॉमन रूमसाठी जुना, डिस्कवालाच घ्यावा, असं आमच्या मजल्याने हॉस्टेल कमिटीला लेखी कळवलं आहे. ३२ जणांनी कॉन्ट्रीसाठी नावं दिली आहेत, त्यातले सहा जण गेम खेळत नाहीत, नुसतं बघायला येणार आहेत. कमिटीचं उत्तर अजून यायचंय. त्याआधी कुणीतरी टीव्हीच्या मागे हात घालून बघावं. एचडीएमआयचं भोक एकच आहे आणि त्यात सेट टॉप बॉक्स बसलाय.